पुरवठा साखळी आणि लॉजिस्टिक्समध्ये करिअर: सुरुवात कुठून आणि कशी करावी

प्लॅनिंगच्या टेबलावर मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. एका सुट्या भागाचा साठा सिस्टीममध्ये ४ नग दिसत होता आणि ग्राहकाला ३० हवे होते. मी घाईघाईने पुरवठादाराला ऑर्डर दिली, माल बोटीऐवजी विमानाने मागवला आणि त्या खर्चाची मंजुरीही भांडून मिळवली. दोन दिवसांनी स्टोअरमधल्या एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला, "मॅडम, एकदा खाली येऊन बघा." खाली रॅकवर ४ खोकी होती आणि प्रत्येक खोक्यात १२ नग. म्हणजे ४८. माल उतरवून घेताना कुणीतरी खोकी मोजली होती आणि नगांच्या रकान्यात ४ लिहिलं होतं. ज्या मालासाठी मी विमान गाठलं, तो माझ्या पायाखालच्या मजल्यावर होता.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगते, कारण पुढे अनेक वर्षं जे काम केलं त्याचं मूळ तिच्यात आहे. स्क्रीनवरचा आकडा एक सांगतो आणि जमिनीवरचा माल दुसरंच. ही तफावत ज्याला लवकर दिसते आणि तिचं कारण शोधता येतं, तो माणूस इथे टिकतो आणि वर जातो. शिक्षण, प्रमाणपत्रं, सॉफ्टवेअर हे सगळं त्या नजरेला धार लावण्यासाठी.

पायरी १: आधी कामाचा नकाशा समजून घ्या

लॉजिस्टिक्स म्हणजे माल हलवणं आणि सांभाळणं: वाहतूक, गोदाम, पॅकिंग, वाटप. पुरवठा साखळीचा पसारा त्याहून मोठा. किती माल लागेल याचा अंदाज, तो कुणाकडून घ्यायचा, कधी बनवायचा, कुठे ठेवायचा, ग्राहकापर्यंत कसा पोहोचवायचा आणि परत आला तर काय करायचं, हे सगळं तिच्यात येतं. 'सप्लाय चेन मॅनेजमेंट' हा शब्दप्रयोग १९८२ साली कीथ ऑलिव्हर या व्यवस्थापन सल्लागारामुळे रुळला. काम अर्थातच त्याच्या खूप आधीपासून चालू होतं.

नोकरीच्या जाहिरातींत या दोन नावांखाली वाटेल ते काम लिहिलेलं असतं. म्हणून पदाच्या नावावर जाऊ नका, कामाचं वर्णन वाचा. प्लॅनिंगमध्ये दिवसभर आकडे, अंदाज आणि बैठका. गोदामात माणसं, शिफ्ट, जागा आणि सुरक्षितता. वाहतुकीत फोन, तातडी आणि रात्री-अपरात्री अडकलेली गाडी. आयात-निर्यातीत कागदपत्रं, आणि त्यांत एका अक्षराचीही चूक खपत नाही.

खरेदी विभागाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण नवखे त्याला फक्त भाव पाडण्याचं काम समजतात. १७ मार्च २००० रोजी अमेरिकेतल्या अल्बुकर्की इथल्या फिलिप्सच्या चिप कारखान्यात वीज पडून आग लागली. दहा मिनिटांत विझलीही. पण चिप जिथे बनतात त्या धूळमुक्त खोल्यांमध्ये धूर आणि पाणी शिरलं. या कारखान्यातून नोकिया आणि एरिक्सन या मोबाइल बनवणाऱ्या दोन्ही कंपन्यांना माल जायचा, आणि दोघांनाही सुरुवातीला साधारण आठवडाभराचा उशीर सांगितला गेला. नोकियाच्या माणसांनी त्या पुरवठ्यावर रोज लक्ष ठेवायला सुरुवात केली, उशीर लांबणार हे ओळखलं आणि दुसरीकडची क्षमता आधीच अडवून ठेवली. एरिक्सन सांगितलेल्या मुदतीवर विसंबून राहिली आणि तिचं सुमारे ४० कोटी डॉलरचं नुकसान झालं. पुरवठादार सांगतो ती तारीख आणि माल खरोखर हातात पडेल ती तारीख, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगला खरेदीदार दोन्ही तारखा मनात ठेवतो.

पायरी २: शिक्षण निवडताना काय बघायचं

या क्षेत्रात शिरायला एकच दार नाही. वाणिज्य, अभियांत्रिकी, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, अगदी भूगोल शिकलेली माणसंसुद्धा इथे उत्तम काम करताना मी पाहिली आहेत. पुरवठा साखळीची खास पदवी घेणार असाल तर अभ्यासक्रमात तीन गोष्टी आहेत का ते तपासा: संख्याशास्त्र, साठ्याचं गणित, आणि प्रत्यक्ष गोदामात किंवा कारखान्यात घालवायचे काही महिने. तिसरी गोष्ट नसेल तर बाकीचा अभ्यासक्रम कितीही चकचकीत असला तरी मी तो सुचवणार नाही.

पदव्युत्तर शिक्षणाबद्दल माझं मत ठाम आहे. आधी दोन वर्षं काम करा, मग शिकायला जा. ज्याने माल उतरवून घेताना होणारे घोळ पाहिले आहेत, त्याला वर्गातलं प्रत्येक प्रकरण ओळखीचं वाटतं. ज्याने ते पाहिलेले नाहीत, तो व्याख्या पाठ करतो.

प्रमाणपत्रांपैकी जगभर ओळखली जाणारी काही मोजकी आहेत. पूर्वी एपिक्स नावाने ओळखली जाणारी आणि आता एएससीएम म्हणवणारी संस्था तीन प्रमुख परीक्षा घेते. सीपीआयएम ही उत्पादन नियोजन आणि साठ्यासाठी, सीएससीपी संपूर्ण साखळीसाठी आणि सीएलटीडी वाहतूक, गोदाम व वाटपासाठी. खरेदीत जायचं असेल तर सीआयपीएस या खरेदी व्यावसायिकांच्या संस्थेची पात्रता बघा. वाहतुकीसाठी १९१९ साली स्थापन झालेली सीआयएलटी ही संस्था आहे. एकदम दोन-तीन परीक्षांच्या मागे लागू नका. जे काम हातात आहे त्याच्याशी जुळणारी एकच घ्या.

पैसे घालण्याआधी हे क्षेत्र आपल्याला झेपतं का ते पाहायचं असेल, तर एमआयटीचा पुरवठा साखळीवरचा मायक्रोमास्टर्स हा ऑनलाइन कार्यक्रम आहे. पाच अभ्यासक्रम आणि शेवटी एक मोठी परीक्षा. शिकण्यापुरतं ते फी न भरता पाहता येतं, प्रमाणपत्र हवं असेल तर फी पडते. त्यातला संख्याशास्त्राचा पहिला अभ्यासक्रम मन लावून पूर्ण केलात आणि तरी कंटाळा आला नाही, तर बिनधास्त पुढे जा.

पायरी ३: हे एक गणित हाताने सोडवा

साठा का ठेवायचा? कारण उद्या किती माल लागेल आणि मागवलेला कधी येईल, या दोन्ही गोष्टी नक्की ठाऊक नसतात. हे अनेकांना तोंडपाठ असतं, पण त्यातलं कुठलं अज्ञान जास्त महाग पडतं ते आकडे मांडल्याशिवाय कळत नाही. म्हणून एक कागद घ्या.

समजा एखाद्या वस्तूची मागणी दिवसाला सरासरी ४० नग आहे. ती रोज थोडी कमी-जास्त होते आणि तिचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासूनच्या चढउताराचं माप, १० नग आहे. ऑर्डर दिल्यापासून माल यायला ९ दिवस लागतात. यालाच आम्ही लीड टाइम म्हणतो. माल येईपर्यंतच्या काळात साठा संपू नये याची खात्री ९५ टक्के हवी असेल तर संख्याशास्त्राच्या तक्त्यातून गुणक येतो १.६५. आता सेफ्टी स्टॉक, म्हणजे राखीव साठा, काढायचा: १.६५ गुणिले १० गुणिले ९ चं वर्गमूळ. उत्तर ४९.५, म्हणजे ५० नग. नऊ दिवसांची सरासरी मागणी ३६० आणि त्यात हे ५०. साठा ४१० वर आला की नवी ऑर्डर द्यायची. हा झाला रिऑर्डर पॉइंट.

इथपर्यंत गृहीत धरलं होतं की माल बरोबर नवव्या दिवशी येतो. खरा पुरवठादार कधी सातव्या दिवशी पाठवतो, कधी बाराव्या. त्या लीड टाइमचं प्रमाण विचलन २ दिवस धरा. आता वर्गमुळाच्या आत दोन गोष्टी जातील: मागणीच्या चढउताराचे ९ गुणिले १० चा वर्ग, म्हणजे ९००, आणि पुरवठादाराच्या अनियमितपणाचे ४० चा वर्ग गुणिले २ चा वर्ग, म्हणजे १६०० गुणिले ४, म्हणजे ६४००. बेरीज ७३००, वर्गमूळ सुमारे ८५.४, आणि १.६५ ने गुणलं की १४१.

राखीव साठा ५० वरून थेट १४१ वर गेला, आणि ग्राहकाने काहीच वेगळं केलेलं नाही. ९०० आणि ६४०० हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. साठा कमी करण्याचा आदेश आला की बहुतेक जण मागणीचा अंदाज सुधारण्याच्या मागे लागतात. या उदाहरणात खरा उपाय पुरवठादाराकडे आहे. त्याने वेळ जरा जास्त घेतला तरी एक वेळ चालेल, पण दिलेला दिवस पाळायला हवा. मुलाखतीत हे गणित समजावून सांगू शकणारा उमेदवार मला भेटला की पुढचे प्रश्न मी निर्धास्तपणे विचारते.

याच्या जोडीला दोन गोष्टी शिकून घ्या. एका वेळी किती माल मागवावा याचं सूत्र, ज्याला ईओक्यू म्हणतात, ते फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडलं आणि आजही ते पहिल्या धड्यात असतं. दुसरं, एबीसी वर्गीकरण: ज्या थोड्या वस्तूंमध्ये बहुतेक पैसा अडकलेला असतो त्या वेगळ्या काढून त्यांच्यावर जास्त लक्ष द्यायचं. ते एका दुपारीत शिकून होतं.

पायरी ४: बिअर गेम एकदा तरी खेळा

१९६० च्या सुमारास एमआयटीमध्ये एक खेळ तयार झाला. चार जण एका रांगेत बसतात: दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना. प्रत्येकाला फक्त आपल्या अलीकडच्याची ऑर्डर दिसते. एकमेकांशी बोलायचं नाही. दर फेरीला, म्हणजे दर आठवड्याला, माल पाठवायचा आणि पुढच्याकडे ऑर्डर द्यायची. माल पोहोचायला काही आठवडे लागतात.

दुकानदाराकडची मागणी सुरुवातीला आठवड्याला ४ पेट्या असते. पाचव्या आठवड्यात ती ८ होते आणि शेवटपर्यंत ८ च राहते. बदल एवढाच. पण माल वेळेवर आला नाही म्हणून दुकानदार जास्त मागवतो, ते पाहून घाऊक व्यापारी आणखी जास्त, आणि कारखान्यापर्यंत पोहोचेतो ऑर्डरचा डोंगर झालेला असतो. मग सगळा माल एकदम येऊन पडतो आणि ऑर्डरी शून्यावर येतात. खेळ संपल्यावर कारखानावाल्याला विचारा, "ग्राहकाची मागणी कशी होती?" तो कागदावर मोठमोठ्या लाटा काढून दाखवतो. खरी मागणी एका पायरीएवढीच बदललेली असते.

याला बुलव्हिप इफेक्ट म्हणतात. चाबकाची मूठ जराशी हलली तरी त्याचं टोक केवढं उसळतं, तसं. प्रॉक्टर अँड गॅम्बलला बाळांच्या डायपरमध्ये हाच प्रकार दिसला होता: बाळांचा वापर स्थिर, पण वरपर्यंत जाणाऱ्या ऑर्डरी मात्र वरखाली. हा खेळ इंटरनेटवर सापडतो, चार मित्र जमवून कागदावरही खेळता येतो. तो खेळल्यावर कुणाची मोठी ऑर्डर आली की आनंदाआधी मनात प्रश्न येतो: ही खरी गरज आहे की घाबरून केलेली मागणी?

पायरी ५: वाहतुकीची भाषा शिका

२६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन यांचं 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं. त्याआधी बंदरात प्रत्येक पोतं, पिंप, खोकं वेगवेगळं चढवावं-उतरवावं लागायचं. कंटेनरमुळे मालाला हात न लावता तो ट्रकवरून जहाजावर जाऊ लागला. आजही जहाजाची क्षमता २० फुटी कंटेनरच्या हिशेबात, टीईयूमध्ये सांगतात. २० फुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर जागा असते, पण पॅलेटवर, म्हणजे माल उचलण्यासाठीच्या सपाट चौकटीवर, रचलेला माल ती पूर्ण भरत नाही. पहिल्यांदा लोडिंग प्लॅन बनवताना हे लक्षात ठेवा.

विमानाच्या भाड्यात नवखे हमखास फसतात. समजा खोकं ६० बाय ५० बाय ४० सेंटिमीटरचं आहे आणि वजन ८ किलो. तिन्ही मापांचा गुणाकार १,२०,०००. हवाई मालवाहतुकीत त्याला साधारणपणे ६००० ने भागतात. उत्तर २०. भाडं ८ किलोचं नाही, २० किलोचं लागणार, कारण विमानात जागाही विकली जाते. खोक्याची उंची ४० वरून ३० सेंटिमीटर करता आली तर तेच वजन १५ वर येतं. पॅकिंग विभागाशी दोस्ती का करावी, ते यावरून कळेल.

इन्कोटर्म्स नीट वाचा. आंतरराष्ट्रीय व्यापारात खर्च आणि जोखीम कुठपर्यंत कुणाची, हे ठरवणाऱ्या या अटी आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने १९३६ मध्ये पहिल्यांदा छापल्या. २०२० च्या आवृत्तीत अशा ११ अटी आहेत. सगळ्यात जास्त गैरसमज सीआयएफबद्दल, म्हणजे मालाची किंमत, विमा आणि भाडं एकत्र धरणाऱ्या अटीबद्दल असतो. विक्रेता ग्राहकाच्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा भरतो, म्हणून खरेदीदाराला वाटतं की वाटेत काही झालं तर जबाबदारी विक्रेत्याची. तसं नसतं. माल सुरुवातीच्या बंदरात जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराकडे जाते. माल वाटेत भिजला तर विम्याचा दावा त्यालाच लढवावा लागतो.

आणि नकाशा बघायची सवय लावा. मार्च २०२१ मध्ये सुमारे ४०० मीटर लांबीचं 'एव्हर गिव्हन' सुएझ कालव्यात आडवं अडकलं, २३ तारखेपासून २९ तारखेपर्यंत. आपला माल कुठल्या जहाजावर आणि कालव्याच्या कुठल्या बाजूला आहे, हे ज्यांना तासाभरात सांगता आलं त्यांनी पर्यायही लवकर शोधले.

पायरी ६: साधनं

एक्सेल अजूनही पहिलं साधन आहे. पिव्होट टेबल, एक्सलूकअप, सॉल्व्हर आणि अस्ताव्यस्त डेटा साफ करणं एवढं पक्कं करा. मग एसक्यूएल शिका, म्हणजे सिस्टीममधला डेटा काढण्यासाठी दुसऱ्या कुणाची वाट बघावी लागणार नाही. एसएपीसारख्या ईआरपी प्रणाली, म्हणजे कंपनीचे सगळे व्यवहार एकत्र नोंदवणारी सॉफ्टवेअर, नोकरीत शिकवल्या जातात, त्यासाठी महागडे वर्ग लावायची घाई करू नका. मात्र ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद आणि बिल ही तीन कागदं एकमेकांशी जुळली तरच पैसे दिले जातात, ही साखळी समजून गेलात तर कुठलीही ईआरपी आठवड्यात ओळखीची होते. यंत्रं आता मागणीचा अंदाज माणसापेक्षा वेगाने काढतात. पण त्यांना दिलेल्या डेटात खोकी नगांच्या रकान्यात लिहिलेली असतील, तर अंदाजही त्याच भावाचा निघतो.

पायरी ७: अर्ज आणि मुलाखत

अर्जात "साठा व्यवस्थापनाचा अनुभव" असं लिहू नका. किती वस्तू सांभाळल्या, मोजणीत किती फरक येत होता, तुम्ही काय बदललं आणि नंतर किती फरक राहिला, ते लिहा. अनुभव नसेल तर एक छोटा प्रकल्प करा: कुठलाही खुला विक्री-डेटा घेऊन अंदाज काढा, राखीव साठा ठरवा आणि कुठे चुकलात तेही दोन ओळींत लिहा. शेवटच्या त्या दोन ओळी मी सगळ्यात आधी वाचते.

मुलाखतीत हमखास विचारतात, "महत्त्वाच्या ग्राहकाला माल हवा आहे आणि सिस्टीममध्ये साठा शून्य आहे. काय कराल?" बहुतेक जण म्हणतात, तातडीने ऑर्डर देऊ. मी पूर्वी तेच केलं होतं. आधी रॅकवर जाऊन बघा. मग इनवर्डला, म्हणजे माल आत घेण्याच्या जागी, उतरलेला पण नोंद न झालेला, तपासणीत अडकलेला आणि वाटेत असलेला माल बघा. मग दुसऱ्या गोदामातला, मग पर्यायी वस्तू, मग थोडा आत्ता आणि थोडा नंतर देता येईल का ते. या सगळ्यात ग्राहकाला खरी तारीख लवकर कळवा. हुकलेल्या तारखेपेक्षा न कळवलेली तारीख त्याला जास्त महागात पडते.

पायरी ८: पहिले तीन महिने

पद कुठलंही असो, पहिले काही आठवडे गोदामात काढायची परवानगी मागा. एक वस्तू निवडा आणि तिच्या मागे चाला: गेटवर किती वेळ थांबली, तपासणीत किती, रॅकवर किती, डिस्पॅचच्या जागेत किती. वहीत वेळा लिहा. प्रत्यक्ष हालचालीला लागलेला वेळ आणि नुसतं पडून राहण्यात गेलेला वेळ यांतला फरक तुम्हाला चकित करेल.

हे काम दमवणारं आहे, हेही सांगायला हवं. महिनाअखेर, वर्षअखेरची मोजणी, सुट्टीच्या दिवशी आलेला फोन, हे चुकत नाही. बदल्यात वाट मात्र बरीच वरपर्यंत जाते. टिम कुक १९९८ मध्ये ॲपलमध्ये आले ते जगभरचं ऑपरेशन्स सांभाळायला, आणि २०११ मध्ये कंपनीचे प्रमुख झाले. दर दोन-तीन वर्षांनी बाजूच्या विभागात जायची संधी मिळाली तर घ्या, पगार तेवढाच असला तरी. प्लॅनिंगमधल्या माणसाने गोदामात, गोदामातल्याने खरेदीत.

त्या ४ खोक्यांच्या प्रकरणानंतर मी स्वतःहून वर्षभर स्टोअरमध्ये बदली मागून घेतली. फोन करणाऱ्या त्याच सहकाऱ्यांनी मला मोजणी शिकवली. यादी हातात घेऊन मोजायला जायचं नाही, कारण डोळे यादीतला आकडाच शोधतात. कोरा कागद न्यायचा. खोक्याला हात लावून मोजायचं. आणि खिशात कटर ठेवायचा, प्रत्येक थप्पीतलं एक खोकं उघडून आत खरंच १२ आहेत का ते बघायला.